ज्वारी, मिलो आणि सोयाबीन

बुलढाणा जिल्ह्याची वाटणी लोकांच्या बोलण्यातच झालेली आहे. एक घाटावरचा भाग, एक घाटाखालचा. चिखली तालुक्यातील अमडापूर हे घाटावरचे गाव. ते चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि टेकडीवरच्या बल्लाळ देवीमुळे पंचक्रोशीला परिचित आहे. घाट उतरला की खामगाव, म्हणजे कापसाची जुनी बाजारपेठ. मागे पठारावर पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी आणि मध्यम जमीन. कालव्याच्या पाण्याचा भरवसा फारसा कुठे नाही. मृगाचा पाऊस, त्यानंतरची उघडीप आणि परतीचा पाऊस या तिघांवरच येथल्या घरांचे वर्षभराचे अन्न ठरत आले. विकसनशील देशातील कोरडवाहू शेती म्हणून जगभरच्या संशोधकांनी जिचा अभ्यास केला ती शेती हीच, आणि त्या अभ्यासातील दोन महत्त्वाची गावे शेजारच्या अकोला जिल्ह्यातलीच आहेत.

या शेतीचा कणा दीर्घकाळ खरीप ज्वारी हा होता. ज्वारीने एकाच वेळी तीन गरजा भागत. दाण्याची भाकर आणि कण्या होत, धाटाचा कडबा बैलांना पुरे, आणि सोंगणी-खुडणीला आलेल्या बायामाणसांची मजुरी पुष्कळदा त्याच धान्यात दिली जाई. वर्षाच्या करारावरच्या सालदारालाही रोख रकमेबरोबर ज्वारी ठरलेली असे. म्हणजे ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्याही घरात ज्वारी पोहोचण्याची एक वाट होती. उरलेले धान्य कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात भरून ठेवत. पेव नीट लिंपून बंद केले तर ज्वारी पुढच्या वर्षाची कमतरता भागवी. शेतात एकच पीक उभे नसे. कपाशीच्या काही ओळींनंतर तूर, ज्वारीत मूग-उडीद, कडेला अंबाडी. पाऊस लवकर तुटला तर मूग हाती येई, उशिरापर्यंत टिकला तर तूर. कृषिशास्त्राने या पद्धतीला आंतरपीक असे नाव देऊन तिची मोजमापे घेतली ती फार नंतर.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का कापसाने दिला. अमेरिकेतील यादवीमुळे १८६०च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचे मोल आले. १८७० साली खामगावला रेल्वेची शाखा आली. वऱ्हाडात दुष्काळ पडत नाही, अशी प्रशासनात समजूत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ती मोडली. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि हा दुष्काळ यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. रोख पिकाखाली गेलेली जमीन, रेल्वेने बाहेर जाणारे धान्य आणि आक्रसलेली गायराने यांमुळे पाऊस चुकण्याआधीच प्रदेश दुबळा झाला होता, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

स्वातंत्र्यानंतर अन्नाचा प्रश्न देशापुढे उभा राहिला तो मात्र उत्पादनाचा प्रश्न म्हणून. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेचे धान्य ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली भारतात येऊ लागले. महाराष्ट्रातील एका पिढीच्या आठवणीत ते रेशनवरच्या लाल दाण्यांनी राहिले आहे. लोक त्याला मिलो म्हणत. अमेरिकेत जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकणारी ती ज्वारीच होती, पण पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय असलेल्या घरांत तिच्या लालसर भाकरीला नाक मुरडले जाई. मिलो खाण्याची वेळ येणे म्हणजे हलाखी, असा त्या शब्दालाच वास चिकटला.

गंमत अशी, की याच मिलोच्या कुळातून पुढची क्रांती आली. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात आणि बहुतेक परागीभवन त्याच कणसात होते. दोन वाणांचा संकर करायचा तर मादी म्हणून निवडलेल्या झाडाच्या इवल्याइवल्या फुलांतले पुंकेसर हातांनी काढावे लागतात. प्रयोगशाळेत ते जमते. हजारो एकरांचे बियाणे तयार करताना अशक्य. १९५४ साली टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी यावर तोड दाखवली. मिलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचे केंद्रक आणले की जन्मणाऱ्या झाडाचे पराग वांझ निघतात. अशा नरवंध्य ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या की वारा उरलेले काम करतो. भारतात या तंत्रावर समन्वित संशोधन सुरू झाले आणि १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. त्याची मादी होती काफिर ६० ही ओळ आणि तिच्या पेशींत मिलोचे द्रव्य. रेशनच्या रांगेत ज्या दाण्याचा कंटाळा केला, त्याचेच रक्त शेतातल्या ‘हायब्रीड’मध्ये वाहत होते.

महाराष्ट्राने हायब्रीड ज्वारी उचलली ती सरकारी जोर लावूनच. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे विदर्भातील पुसदजवळच्या गहुलीचे. धान्याच्या स्वयंपूर्णतेचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या प्रतिष्ठेचा केला होता. बियाणे, रासायनिक खत, कर्ज आणि सरकारी खरेदी अशी साखळी बांधली गेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला देशाचे माजी कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांचे नाव दिले गेले. विदर्भाच्या जमिनीचे आणि पावसाचे संशोधन विदर्भातच व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे ज्वारीचे पैदासकार एन. जी. पी. राव यांच्या नेतृत्वाखाली सीएसएच-५ आणि सीएसएच-९ हे अधिक सरस संकर आले. सीएसएच-९ तर दीर्घकाळ खरीप ज्वारीचा मानदंड राहिला.

हायब्रीडचे यश आणि अपयश दोन्ही एकाच गुणातून आले. गावरान खरीप ज्वारी माणसाच्या डोक्यावरून उंच जाई आणि साडेचार-पाच महिने रानात राही. तिचे फुलणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले होते. पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी दिवस लहान होऊ लागल्यावरच ती निसवे, आणि दाणा भरेपर्यंत पाऊस ओसरलेला असे. हायब्रीडने हे बंधन तोडले. शंभर-एकशेदहा दिवसांत ठेंगणे झाड दाट कणसाने भरे. पावसाने लवकर दगा दिला तरी पीक हाती लागे. उत्पादन गावरानाच्या कितीतरी पट. पण हा दाणा सप्टेंबरात, ऐन ओल्या हवेत पिके. पाऊस लांबला की दाट कणसावर फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया यांसारख्या बुरशी चढत आणि पांढरा दाणा करडा-काळा पडे. ‘ज्वारी काळी पडली’ हे वाक्य विदर्भातल्या बाजार समित्यांमध्ये भाव पाडायला पुरेसे होते. त्यात उशिरा पेरलेल्या पिकावर खोडमाशी, हलक्या जमिनीत टारफुला आणि ठेंगण्या धाटामुळे कमी कडबा. भाकरीची चव गावरानाची नाही, ही तक्रार स्वयंपाकघरातून येई ती वेगळीच. बुरशीला दाद न देणारे तपकिरी दाण्याचे वाण शास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण त्यांतील टॅनिनमुळे भाकर तुरट होते. भुकेचा हिशेब क्विंटलमध्ये मांडणाऱ्या संशोधनाने चव, रंग आणि कडबा या गोष्टी बराच काळ दुय्यम मानल्या. शेतकऱ्याच्या लेखी त्या दुय्यम नव्हत्या.

१९७२चा दुष्काळ याच काळातला. त्याचा सर्वाधिक मार पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागाला आणि मराठवाड्याला बसला. खडी फोडण्याची कामे, त्यावर मिळणारी मजुरी आणि सुकडी यांवर लाखो माणसे तगली. ज्याँ ड्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवले, की राज्यात धान्याची प्रचंड तूट असूनही मोठी मनुष्यहानी टळली, कारण कामातून लोकांच्या हाती खरेदीची शक्ती आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना पुढे कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी मांडलेला, अन्न बाजारात असणे आणि ते मिळवण्याचा हक्क माणसाजवळ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत हा विचार महाराष्ट्राने एका अर्थी आधीच रस्त्याच्या कामांवर अजमावला होता.

१९७२ मध्येच हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. तिचे पैदासकार नवे वाण काढत होते. अर्थशास्त्रज्ञांना मात्र प्रश्न पडला, की ज्यांच्यासाठी हे वाण आहेत ती माणसे जगतात कशी, हे कोणी नीट पाहिले आहे का? त्यासाठी मे १९७५ मध्ये सहा गावांचा अभ्यास सुरू झाला. तेलंगणातील औरेपल्ले आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे निवडली. तीस लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची, दहा भूमिहीन मजुरांची. एकंदर २४०. वेगळेपण पद्धतीत होते. एकदा येऊन प्रश्नावली भरून जाणारा सर्वेक्षक इथे नव्हता. शेती शिकलेला, ग्रामीण पार्श्वभूमीचा एक अन्वेषक गावातच खोली घेऊन राही आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरात जाऊन बसे. कोणत्या तुकड्यात काय पेरले, निंदणीला किती बाया लागल्या, कोणाकडून किती उसने घेतले, बैल विकला की ठेवला, सणाला किती खर्च झाला, असे सारे वहीत उतरे. हे दहा वर्षे चालले. एन. एस. जोधा, जिम रायन, हॅन्स बिन्सवांगर, टॉम वॉकर ही या कामातली ठळक नावे. वॉकर आणि रायन यांचा या गावांवरचा ग्रंथ १९९० साली निघाला.

त्यातला एक प्रयोग अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. गरीब शेतकरी नवे बियाणे घेत नाही कारण तो मुळातच भित्रा किंवा परंपरेला चिकटलेला असतो, असे सर्रास म्हटले जाई. बिन्सवांगर यांनी ते खऱ्या पैशांवर तपासले. माणसापुढे पर्याय ठेवत. छापा पडो वा काटा, पन्नास रुपये नक्की. किंवा एका बाजूला चाळीस आणि दुसऱ्या बाजूला एकशेवीस. किंवा थेट काही नाही नाहीतर दोनशे. मधले पर्यायही होते. सुरुवात पन्नास पैशांच्या डावाने होई आणि काही आठवड्यांत रक्कम वाढत जाई. मजुरी दिवसाला काही रुपये असण्याच्या त्या दिवसांत पन्नास रुपये म्हणजे थट्टा नव्हती. डाव लहान असताना माणसे वेगवेगळी वागली. डाव मोठा होत गेला तसे बहुतेक सारेच मध्यम सावधगिरीच्या पर्यायांवर येऊन थांबले, आणि श्रीमंत-गरीब यांच्या वृत्तीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. याचा अर्थ असा, की गरीब शेतकरी खत कमी टाकतो किंवा नवे बियाणे उशिरा घेतो ते स्वभावाने भित्रा म्हणून नव्हे, तर त्याच्याजवळ भांडवल, कर्ज आणि माहिती कमी म्हणून. प्रबोधनाच्या भाषणांपेक्षा वेळेवर मिळणारे पीककर्ज का महत्त्वाचे, याचे इतके नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल.

याच वह्यांवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. औरेपल्ले, शिरापूर आणि कंझरा येथे एखाद्या घराचे उत्पन्न एखाद्या वर्षी कोसळले तरी त्या घरातले खाणेपिणे त्या प्रमाणात कोसळत नाही. ते गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होते. उसनवारी, देणीघेणी, धान्यसाठा यांतून गाव आपल्यापुरता एक विमा चालवत असते. मात्र सगळ्या गावाचाच पाऊस चुकला तर हा विमा कोणी कोणाला द्यायचा? शिवाय भूमिहीनांना त्याचे संरक्षण कमी मिळत असल्याच्या खुणाही या आकड्यांत दिसल्या. अकोल्याची गावे तुलनेने खात्रीच्या पावसाची आणि कापसाच्या पैशाची. सोलापूरच्या गावांचे पावसाचे जुगारीपण तिथे नव्हते.

आहाराच्या नोंदींनी तर संशोधनाची दिशाच बदलली. त्या काळात जगभर प्रथिनांच्या तुटीची चर्चा होती आणि ज्वारीत लायसिन वाढवण्यासाठी पैदासकार झटत होते. रायन आणि सहकाऱ्यांनी सहा गावांतील माणसांच्या ताटांचे मोजमाप केले तेव्हा प्रथिने ही मुख्य तूट निघाली नाही. कमी पडत होते ते उष्मांक, कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वे. ज्वारी-तुरीच्या आहारात पोट भरले तर प्रथिनांचे बरेचसे भागते. पोटच पुरते भरत नव्हते. लायसिनचा पाठलाग मागे पडला आणि उत्पादन व स्थैर्य यांवर भर आला. घरोघरी फिरणाऱ्या अन्वेषकाच्या वहीने प्रयोगशाळेतला कार्यक्रम बदलावा, असे प्रसंग शेतीसंशोधनात थोडे.

अमडापूरच्या रानात पुढचा बदल मात्र अन्नाच्या नव्हे, तेलाच्या पिकाने केला. मध्य प्रदेशात रुजलेले सोयाबीन १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीत विदर्भात पसरले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ हा वाण १९९४ मध्ये आला आणि त्याने पठार व्यापले. आज चिखलीच्या बाजूला खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी आणि रब्बीत हरभरा. कारणे साधी आहेत. सोयाबीन शंभर दिवसांत निघते, मागे हरभरा घेता येतो. पाखरे राखायला माळा बांधावा लागत नाही. ज्वारीची सोंगणी, खुडणी, खळे, मळणी यांना माणसे लागतात आणि माणसे मिळत नाहीत. सोयाबीनची सोंगणी ठोक्याने उरकते आणि थ्रेशर शेतात येते. स्वपरागित असल्याने घरचे बियाणे पुढच्या वर्षी चालते, हायब्रीडसारखे दरसाल विकत घ्यावे लागत नाही. बैल कमी होऊन ट्रॅक्टर आला तसा कडब्याचा मुद्दाही मागे पडला. खरीप ज्वारी हुरड्यापुरती, चाऱ्यापुरती उरली.

सोयाबीनचे धोके वेगळे आहेत. काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगा भिजून दाणा डागतो आणि तेच बियाणे पुढच्या साली उगवत नाही. २०१९च्या परतीच्या पावसानंतर २०२० च्या खरिपात राज्यभर न उगवल्याच्या तक्रारी आल्या त्या याचमुळे. पिवळा मोझॅक, चक्रीभुंगा, खोडमाशी आहेतच. भाव जागतिक पेंडीच्या आणि खाद्यतेलाच्या बाजारावर हलतो; २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना विदर्भात ओलाव्याचे कारण देऊन त्याखाली विक्री झाली. आणि सर्वांत मोठा फरक असा, की ज्वारी विकली गेली नाही तर खाता येई.

अकोल्याच्या विद्यापीठाने या बदलाला तोंड दिले ते दोन वाटांनी. सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा यांसारखे सोयाबीनचे वाण काढले गेले आणि रब्बीसाठी इक्रिसॅटच्या वाणसंग्रहाशी नाते असलेला जाकी ९२१८ हरभरा घराघरात पोहोचला. दुसरी वाट मशागतीची. रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी ही पद्धत इक्रिसॅटने सत्तरच्या दशकात भारी काळ्या जमिनीसाठी तयार केली होती. जास्तीचे पाणी सरीतून निघून जावे आणि उघडीप पडली तर तीच ओल वरंब्याला धरून राहावी, ही कल्पना. त्या वेळी बैलांनी ओढायचे चाकांचे महागडे अवजार घेऊन ती शेतकऱ्यांपुढे गेली आणि फारशी रुजली नाही. ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्र आल्यावर तीच पद्धत ‘बीबीएफ’ या नावाने सोयाबीनच्या रानात आली, आणि २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात तिला अनुदानाचे पाठबळ मिळाले. तंत्र तेच, मधली चाळीस वर्षे यंत्राची वाट पाहण्यात गेली.

शेतातून गेलेले धान्य घरात परत येते ते रास्त भावाच्या दुकानातून. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दरमाणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. प्रत्यक्षात मिळतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यामुळे ज्वारीच्या प्रदेशात पोळी आणि भात नेहमीचे झाले, भाकर आवडीची झाली. पोट भरण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडला, पोषणाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली आढळली. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. म्हणून पैदासकार आता लोह आणि जस्ताकडे वळले आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये परभणी शक्ती हा लोह-जस्तयुक्त ज्वारीचा वाण दिला. तो पेरायला ज्वारीचे क्षेत्र शिल्लक राहणे ही अट मात्र पैदासकाराच्या हातातली नाही.

२०१५ मध्ये बुलढाण्यासह चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांनाही सवलतीचे धान्य सुरू झाले. २०२३ मध्ये धान्याऐवजी दरमाणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले. त्या वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता. त्या दराने १५० रुपयांत चार किलो सातशे ग्रॅम ज्वारी येते. किराणा दुकानात त्याहून कमी.